दोनदा मत दिलं? मग दोन्हीकडे मोजा

आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ सांगतं, की एकाच मतदारसंघात कुणी दोनदा मत दिलं तर त्याची तिथली सगळीच मतं बाद. पोल्काडॉट या ब्लॉकचेनमध्ये मात्र असा उद्योग करणाऱ्याचं मत बाद होत नाही, उलट ते सगळ्याच उमेदवारांच्या खात्यात जमा होतं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही छपाईची चूक वाटली होती.

पोल्काडॉटवर साधारण दर ६ सेकंदांनी नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या वहीचं नवं पान, आधीच्या ब्लॉकला जोडला जातो. कधीकधी एकाच ब्लॉकच्या पाठीवर दोन ब्लॉक येतात आणि साखळीला फाटे फुटतात. यातला कुठला ब्लॉक कायमचा, हे व्हॅलिडेटर, म्हणजे स्वतःची ठेव पणाला लावून ब्लॉक तपासणारे, मतदान करून ठरवतात. या पद्धतीचं नाव ग्रँडपा. लांबलचक तांत्रिक नावाच्या आद्याक्षरांतून हे आजोबा बाहेर काढलेत, पण नाव शोभतं खरं, कारण एका ब्लॉकला दिलेलं मत त्याच्या सगळ्या पूर्वजांनाही पोचतं. प्रत्येक मतावर डिजिटल सही असते. दोन तृतीयांशांहून जास्त व्हॅलिडेटरांच्या अशा सह्यांचा गठ्ठा म्हणजेच ब्लॉक पक्का झाल्याचा पुरावा.

आता चारच मतदार धरू: अ, ब, क आणि ड. चारांत एक लबाड निघाला तरी चालतं, आणि ब्लॉक पक्का व्हायला ३ मतं लागतात. अ आणि ब यांनी डाव्या फाट्याला मत दिलं, क ने उजव्याला. ड ने दोन्हींना दिलं.

इथे मतमोजणीचं एकच केंद्र नाही. मतं या यंत्राकडून त्या यंत्राकडे पसरत जातात, कुणाला आधी कुठलं मिळेल याचा नेम नाही. एका यंत्राला अ, ब आणि ड ची डावीकडची मतं मिळाली. तीन झाली, ब्लॉक पक्का, व्यवहार पूर्ण, पैसे पोचले. मग ड चं उजवीकडचं मत येऊन थडकलं. आता ड ला बाद केलं तर डावीकडे दोनच मतं उरतात. काल पक्का असलेला ब्लॉक आज कच्चा? तेही एका लबाडाच्या उशिरा आलेल्या सहीमुळे? मग पुराव्याला अर्थ काय राहिला?

म्हणून ड दोन्हीकडे मोजायचा. डावीकडे अ, ब, ड असे तीन, उजवीकडे क आणि ड असे दोन. डावा पक्काच राहतो, उजवा पक्का होत नाही. मतं कुठल्याही क्रमाने आली तरी आकडा वाढेल, घटणार नाही. उजवीकडेही तीन व्हायचे तर अ किंवा ब नेही दोनदा मत द्यायला हवं, म्हणजे लबाड दोन झाले. तेव्हा मात्र दोन्ही फाटे पक्के ठरू शकतात. पण त्या फेरीतले दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले की दोन्हींत सही असलेले दोघे लगेच सापडतात.

पुराव्यात ड ची किती मतं जोडायची? दोन, कारण परस्परविरोधी दोन सह्यांतच त्याची लबाडी सिद्ध होते. त्याने तिसरं, चौथं मत पाठवलं तरी हिशेबात काहीच फरक पडत नाही.

दंडाचा हिशेब वेगळा. दोनदा मत देणारे सगळेच बदमाश नसतात. यंत्र बंद पडलं तर सोय म्हणून कुणी दुसरं यंत्र सही करायची तीच गुप्त किल्ली देऊन चालू ठेवतो, आणि दोन्ही यंत्रं एकाच वेळी मत देऊन बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला चूक आणि कट यांत फरक दिसत नाही. त्यामुळे पोल्काडॉट हेतू न शोधता डोकी मोजतं. दोषींची संख्या गुणिले तीन, भागिले एकूण व्हॅलिडेटर, आणि त्याचा वर्ग. शंभरांत एकच सापडला तर त्याच्या ठेवीतले ०.०९ टक्के जातात. पाच सापडले तर प्रत्येकाचे २.२५ टक्के, वीस सापडले तर ३६. चौतीस जण एकदम सापडले, तर त्यांची अख्खी ठेव जाते.