गाडी वळत नाही? बसण्याआधी हे वाचा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक : रेसिंग सीट, इंदूर

आमची रेसिंग सीट म्हणजे स्टेअरिंग आणि पेडल लावलेली, व्हिडिओ गेममध्ये गाडी चालवायची खुर्ची. पहिल्यांदा तिच्यावर बसून उठणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते : "भिया, स्टेअरिंग में कुछ गड़बड़ है, गाड़ी मुड़ती ही नहीं." रामबागेतले मराठी काका असोत की विजयनगरची कॉलेजची मुलं, वाक्य तेच. स्टेअरिंग आम्ही रोज दुकान उघडताना तपासतो. गाडी वळत नाही, कारण ती वळणावर नको तितक्या वेगाने पोहोचलेली असते. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे. वाचलंत तर पैसे भरून घेतलेला वेळ भिंती घासण्यात जाणार नाही.

सीटवर आम्ही ग्रॅन टुरिस्मो ७ हा गेम लावतो. ही मालिका 1997 साली जपानमध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर सुरू झाली. बनवणारे पॉलिफोनी डिजिटल, प्रमुख काझुनोरी यामाउची. सातवा भाग 4 मार्च 2022 रोजी आला. हाच का, असं बरेच जण विचारतात. फोर्झा होरायझन ५ या गेममध्ये मेक्सिकोच्या शेतांतून, कुंपणं मोडत गाडी न्या, ती सगळं माफ करते. लहान मुलांना आम्ही तोच लावून देतो. आसेटो कोर्सासारखा पक्का सिम्युलेटर मात्र नवख्या माणसाला पहिल्या दोन वळणांतच घरी पाठवतो. ग्रॅन टुरिस्मो या दोहोंच्या मधला. गाडीचं वजन, टायर, ओला रस्ता या बाबतीत तो बराच खरा वागतो आणि धडकेच्या बाबतीत सोडून देतो. भिंतीला घासलात तर रंग खरवडतो, वेग जातो, शर्यत चालू राहते. आमच्या मते दुकानासाठी हेच प्रमाण बरोबर आहे. ज्यांना हा "बच्चों का" वाटतो, त्यांनी एकदा गेम गाडी सांभाळायला देतो त्या सगळ्या मदती बंद करून पावसात चालवून दाखवावा.

आता मुद्द्याची गोष्ट. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. सगळा ब्रेकवर उडवलात तर वळायला हातात काही उरत नाही. आपण रोजच्या गाडीत वळणात शिरल्यावर थोडा ब्रेक लावतो आणि चालून जातं, कारण वेग तीस-चाळीसचा असतो. इथे दीडशेवर तीच सवय महागात पडते. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. पन्नासच्या अंदाजाने शंभरवर ब्रेक मारलात तर वळण समोरून निघून जाणारच.

म्हणून क्रम असा ठेवा : सरळ रस्त्यावरच जोरात ब्रेक, मग ब्रेक हळूहळू सोडत स्टेअरिंग फिरवा, वळणाच्या आतली कड गाठली की मगच ॲक्सिलरेटर. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, पुढचे टायर रस्त्याला जास्त घट्ट धरतात आणि नाक आत वळतं. ब्रेक एकदम सोडून दिलात तर ते वजन मागे जातं आणि पुढची चाकं सैल पडतात. नेमक्या याच क्षणी हातातलं स्टेअरिंग हलकं लागतं. "खराब आहे" असं लोकांना वाटतं ते इथे! तो बिघाड नाही, पुढच्या चाकांची पकड सुटल्याची खूण आहे. अशा वेळी आणखी फिरवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग जरासं परत आणा, हाताला वजन पुन्हा जाणवू लागेल. गाडी वळेल.

ब्रेकच्या पेडलबद्दल एक सांगायलाच हवं. आमच्याकडे लॉजिटेकचा जी२९ हा स्टेअरिंग-पेडलचा संच आहे आणि त्याच्या ब्रेकखाली रबराचा घट्ट तुकडा असतो. अर्ध्यात पाय अडला की बरेच जण तिथेच थांबतात. ते दाबायचं असतं, टाच जमिनीवर ठेवून मांडीच्या जोराने. पेडल मोडत नाही, काळजी करू नका. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 900 अंश, म्हणजे अडीच फेरे फिरतं. पण ट्रॅकवर तितकं क्वचितच लागतं. हात सोडून गरागरा फिरवायची सवय सिटी बससाठी ठेवा.

पहिल्या वेळी आम्ही ट्रॅक देतो तो जपानमधला त्सुकुबा. दोन किलोमीटरच्या जरासा वर, त्यामुळे तेच वळण लवकर पुन्हा येतं आणि चूक लगेच सुधारता येते. जर्मनीचा नूरबुर्गरिंग सगळ्यांनाच हवा असतो. पण त्याच्या मोठ्या ट्रॅकची एक फेरी वीस किलोमीटरच्या वर आहे. पहिली चूक पुन्हा भेटेपर्यंत तुमची वेळ संपलेली असते.

गाडीही साधीच घ्या. गेममध्ये सुरुवातीला निवडायला मिळणाऱ्या तीन गाड्यांत होंडा फिट आहे, म्हणजे आपल्याकडे 2023 पर्यंत जॅझ नावाने विकली जायची ती. त्या तिघींत नसली तरी सुझुकीची स्विफ्ट स्पोर्टही गेममध्ये आहे. स्विफ्टचं नाव ऐकून लोक नाक मुरडतात, "वो तो घर पे खड़ी है" म्हणतात, आणि मस्टॅंग मागतात. मस्टॅंगला जोर मागच्या चाकांवर. कमी पकडीचे कम्फर्ट टायर, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच फिरू न देणारी मदत) बंद, वळणातून निघताना पाय सगळा खाली : गाडी जागच्या जागी गरकन फिरते. ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवण्यात कमीपणा नाही. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी मदत, तर आम्ही कुणालाच बंद करू देत नाही, ज्यांना खरंच येतं ते सोडून. ब्रेक कुठे लावायचा ते रस्त्यावर लाल दाखवणारी मदतही सुरुवातीला राहू द्या. ती जमली की आधी तीच काढा, कारण तिच्या नादात नजर बंपरसमोरच अडकते. नजर वळणाच्या तोंडावर हवी.

पिथमपूरला नोकरी करणारे काही ग्राहक रविवारी येतात आणि अमेरिकेतला डेटोना ट्रॅक मागतात. कारण उघड आहे. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या नेट्रॅक्स या केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक तिथेच आहे, जून 2021 मध्ये सुरू झालेला, आणि त्याची वळणंही बाहेरच्या बाजूने उचललेली आहेत. तिथे वळणांचा न्यूट्रल वेग ताशी 250 किलोमीटर धरला आहे. त्या वेगाला रस्त्याचा उतारच गाडीला वळवतो, टायरवर बाजूचा जोर येत नाही. डेटोनाची वळणं 31 अंशांनी तिरपी आहेत. गेममध्ये हे स्टेअरिंगवर जाणवतं, पण जो जोर माणसाला सीटमध्ये दाबतो तो आमची सीट देऊ शकत नाही. ती हलत नाही. डोळ्यांना वेग दिसतो, अंगाला काही कळत नाही, आणि याच तफावतीने काहींना मळमळतं. सराफ्याच्या खाऊगल्लीत भरपेट खाऊन सरळ इकडे येऊ नका, एवढी हात जोडून विनंती. गरगरलं तर डोळे मिटून थांबा, वेळ आम्ही तुमच्या खात्यात ठेवू.

पालक विचारतात, याने मुलगा गाडी शिकेल का? ब्रेकचं अंतर, नजर पुढे ठेवणं, घसरलेली गाडी न घाबरता सावरणं, एवढं शिकेल. क्लच, आरसे, एबी रोडवर उलट दिशेने येणारी दुचाकी, हे अजिबात नाही. त्यासाठी ड्रायव्हिंग स्कूल आणि आरटीओ आहेत. हे खरं की 2008 साली ग्रॅन टुरिस्मो आणि निसानने घेतलेल्या जीटी अकॅडमी या स्पर्धेत पहिला आलेला स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ पुढे खऱ्या रेसिंगमध्ये गेला आणि 2011 च्या ले मान्स 24 तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या वर्गात दुसरा आला. पण त्याला आधी प्रत्यक्ष ट्रॅकवरचं प्रशिक्षण दिलं होतं. मुलगा घरी येऊन हे नाव पुढे करून कार मागू लागला तर तेवढं त्याला सांगा.

पावसाची शर्यत हवी असेल तर बसण्याआधी काउंटरवर सांगा. पाऊस थांबला की गाड्या जिथून जातात तो पट्टा आधी वाळतो, बाजूला पाणी तसंच राहतं. ओल्यासाठी इंटरमीडिएट आणि हेवी वेट असे टायर वेगळे आहेत. कोणते लावायचे ते आम्ही दाखवू, पण कधी बदलायचे ते तुमचं तुम्ही ठरवायचं. सगळी मजा तिथेच आहे.

चप्पल घालून पेडल दाबता येत नाही. मोजे किंवा पातळ तळाचे बूट चालतील. ज्या मुलांचे पाय पेडलपर्यंत पोहोचत नाहीत त्यांना हातात धरायचा कंट्रोलर देतो. त्याचं ब्रेकचं बटण एबीएस लागला की बोटाखाली थरथरतं, मुलांना ते फार आवडतं. शनिवार-रविवार संध्याकाळी रांग असते, दुपारी या. दर काउंटरवर लावले आहेत, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला शेजारी उभं राहून शिकवायचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.