सिडनीच्या आधीच्या कर्णम मल्लेश्वरी

१९ सप्टेंबर २००० रोजी सिडनी ऑलिंपिकमध्ये महिला वेटलिफ्टिंगच्या ६९ किलो वजनगटात कर्णम मल्लेश्वरी यांनी एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळवले आणि ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्या ऑलिंपिकमध्ये भारताला मिळालेले ते एकमेव पदक होते. स्वतंत्र भारताच्या खात्यावर तोपर्यंत वैयक्तिक पदके दोनच होती: १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळवलेले आणि १९९६ साली अटलांटात लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवलेले. साहजिकच मल्लेश्वरींचे नाव एका दिवसात घराघरात पोहोचले, आणि त्यांची कारकीर्द जणू त्याच दिवशी सुरू झाली असा समज त्याबरोबर रुजला. प्रत्यक्षात सिडनीच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्याकडे दोन जागतिक विजेतेपदे, अर्जुन पुरस्कार, खेलरत्न आणि १९९९ सालची पद्मश्री एवढे सगळे जमा होते. ऑलिंपिक पदक त्यांच्या सर्वोत्तम काळानंतर, बऱ्याच उशिराने आले. या उशिराचे कारण त्यांच्या गुणवत्तेत नव्हे, खेळाच्या इतिहासात सापडते.

पुरुषांचे वेटलिफ्टिंग १८९६ सालच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून खेळले जात होते. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा मात्र १९८७ साली अमेरिकेतील डेटोना बीच येथे झाली, आणि आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांना १९९० साली बीजिंगमध्ये प्रवेश मिळाला. ऑलिंपिकसाठी त्यांना त्यानंतर आणखी दहा वर्षे थांबावे लागले. १९९२ सालच्या बार्सिलोना आणि १९९६ सालच्या अटलांटा या दोन्ही ऑलिंपिकमध्ये महिलांचा एकही वजनगट नव्हता. ज्या पिढीने हा खेळ उभा केला, तिच्या ऐन उमेदीची वर्षे अशी जागतिक आणि आशियाई स्पर्धांतच गेली. या स्पर्धा कमी दर्जाच्या नव्हत्या, चीनच्या लिफ्टर तर तेव्हाही आजच्याइतक्याच बलाढ्य होत्या, पण त्या निकालांची बातमी क्रीडापानाच्या कोपऱ्यापलीकडे क्वचितच गेली.

भारतात या वाटेवर आधी चालल्या त्या मणिपूरच्या कुंजराणी देवी. १९६८ साली जन्मलेल्या कुंजराणी यांनी १९८९ साली मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेत ४४ किलो गटात तीन रौप्यपदके मिळवली आणि १९९० व १९९४ या दोन्ही आशियाई स्पर्धांत कांस्यपदक पटकावले. जागतिक स्पर्धेतील रौप्यपदकांची त्यांची मालिका दीर्घ होती. सुवर्णपदक त्यांना हुलकावणी देत राहिले, पण भारतीय मुलगी जगातल्या पहिल्या दोघींत येऊ शकते हे त्यांनी सिद्ध केल्यावर मल्लेश्वरींच्या पिढीला पुढची पायरी दिसू लागली. मल्लेश्वरींविषयी लिहिताना कुंजराणींचा उल्लेख बहुधा गाळला जातो. मला तो अन्याय वाटतो.

मल्लेश्वरींचा जन्म १ जून १९७५ रोजी आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्यातला. त्यांचे बालपण आमदालवलसा परिसरात गेले. वडील रेल्वेच्या सुरक्षा दलात नोकरीला होते, घरात मुली अनेक आणि उत्पन्न बेताचे. स्थानिक प्रशिक्षक नीलमशेट्टी अप्पन्ना यांच्या व्यायामशाळेत आधी बहिणीने वजने उचलायला सुरुवात केली होती. मल्लेश्वरी अंगाने बारीक असल्याने हा खेळ त्यांना झेपणार नाही असे सुरुवातीला ठरवले गेले, परंतु आईने पाठ राखली आणि बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या हातात बार आला. ग्रामीण आंध्रातील एका कुटुंबाने ऐंशीच्या दशकात मुलींना जडवजनाच्या खेळात घातले आणि त्या टिकून राहाव्यात म्हणून खुराकापासून प्रवासापर्यंतचा भार उचलला, या गोष्टीचे मोल पदकांच्या यादीत दिसत नाही.

पुढचे वळण १९९० सालचे. आशियाई स्पर्धेसाठी लागलेल्या राष्ट्रीय शिबिरात बहिणीची निवड झाली होती आणि मल्लेश्वरी तिच्यासोबत गेल्या होत्या. तेथे लिओनिद तारानेंको यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले, असे त्यांच्या वाटचालीविषयी नेहमी सांगितले जाते. तारानेंको हे सोव्हिएत संघाचे लिफ्टर, १९८० सालच्या मॉस्को ऑलिंपिकचे सुवर्णविजेते होते आणि १९८८ साली त्यांनी क्लीन अँड जर्कमध्ये २६६ किलो उचलले होते. या खेळातील सोव्हिएत परंपरेत शक्तीइतकाच भर तंत्रावर असतो. स्नॅचमध्ये बार एकाच झेपेत जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायचा असतो, तर क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घ्यायचा आणि मग वर ढकलायचा असतो. दोन्हींत बार शरीराजवळून जावा लागतो आणि त्याखाली शिरण्याचा क्षण अचूक साधावा लागतो. नुसत्या ताकदीच्या जोरावर राष्ट्रीय पातळी गाठता येते, जागतिक नाही. किशोरवयातच अशा नजरेखाली येणे मल्लेश्वरींसाठी निर्णायक ठरले.

त्याचे फळ लवकर मिळाले. १९९३ साली मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत ५४ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. १९९४ साली इस्तंबूल येथील जागतिक स्पर्धेचे सुवर्ण त्यांच्या नावे लागले, त्याच वर्षी हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक जिंकले. १९९५ साली चीनमध्येच, ग्वांगझूला, त्यांनी जागतिक विजेतेपद राखले. ज्या देशाचा या खेळात दबदबा होता त्याच्या अंगणात जाऊन विसाव्या वर्षी सुवर्ण जिंकणे ही कामगिरी माझ्या मते सिडनीच्या कांस्यापेक्षा तांत्रिकदृष्ट्या कणभरही कमी नाही. १९९६ साली वॉर्साला पुन्हा कांस्य. म्हणजे सलग चार वर्षे, एकाच वजनगटात, त्या जगातील पहिल्या तिघींत होत्या. अटलांटाचे ऑलिंपिक नेमके याच काळात झाले, आणि तेथे महिलांना जागाच नव्हती.

१९९६ नंतरची चार वर्षे फारशी सांगितली जात नाहीत, वास्तविक सिडनीचा अर्थ त्यांच्यातच दडलेला आहे. १९९७ साली मल्लेश्वरींचा विवाह वेटलिफ्टर राजेश त्यागी यांच्याशी झाला आणि हरियाणातील यमुनानगर हे त्यांचे घर झाले. वयाबरोबर शरीराचे वजन वाढत होते. लिफ्टरसाठी हा मोठा पेच असतो: वजन उतरवून खालच्या गटात राहिले तर ताकद घटते, वरच्या गटात गेले तर ज्यांची हाडेच मुळात मोठी आहेत अशा प्रतिस्पर्धी समोर येतात. त्यातच १९९८ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने वजनगट नव्याने आखले. जुना ५४ किलोचा गट संपला आणि ४८, ५३, ५८, ६३, ६९, ७५ व ७५ किलोंवरील असे सात गट आले. हेच सात गट पुढे सिडनीत खेळले गेले. मल्लेश्वरी बँकॉकच्या १९९८ सालच्या आशियाई स्पर्धेत ६३ किलो गटात उतरल्या आणि रौप्यपदक घेऊन परतल्या. सिडनीसाठी त्यांनी आणखी एक गट वर जाऊन ६९ किलोचा मार्ग धरला. या गटात जागतिक स्पर्धेतील पूर्वपुण्याई त्यांच्यापाशी नव्हती.

निवडीवर टीका झाली. त्यांचा फॉर्म गेला आहे, वजन वाढले आहे, कुंजराणींसारख्या अनुभवी खेळाडूला डावलून त्यांना का पाठवायचे, असे सूर वृत्तपत्रांतून उमटले. कुंजराणींच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा निराधार नव्हता, त्यांनाही ऑलिंपिकची वाट पाहताना दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मात्र एका खेळाडूची बाजू मांडण्यासाठी दुसरीच्या शरीरावर शेरे मारण्याची गरज नव्हती, आणि ते मारले गेले.

सिडनीतील लढतीचे आकडे बारकाईने पाहण्याजोगे आहेत. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात आणि दोन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज धरली जाते. मल्लेश्वरींनी स्नॅचमध्ये ११० किलो उचलले. चीनच्या लिन वेइनिंग यांनीही ११० उचलले होते, तर हंगेरीच्या एर्झेबेत मार्कुश ११२.५ किलोंसह पुढे होत्या. क्लीन अँड जर्कमध्ये मार्कुश यांचे १३०, लिन यांचे १३२.५ आणि मल्लेश्वरींचे १३० किलो झाले. परिणामी पहिल्या दोघींची बेरीज समान, २४२.५, आणि मल्लेश्वरींची २४०. तेव्हा बेरीज समान झाली तर जिचे शरीरवजन कमी तिला वरचे स्थान मिळे, म्हणून सुवर्ण लिन यांना गेले. (हा नियम आता नाही, जी आधी ती बेरीज गाठते ती वर राहते.)

मल्लेश्वरींचा अखेरचा प्रयत्न १३७.५ किलोंचा होता. तो साधला असता तर बेरीज २४७.५ होऊन सुवर्ण निर्विवाद त्यांचे ठरले असते. तो साधला नाही. त्या काळी वजन अडीच किलोंच्या पटीत वाढवले जाई, त्यामुळे १३० नंतरची पहिली पायरी १३२.५ ची होती, आणि ती गाठली असती तर त्यांची बेरीज इतर दोघींइतकी होऊन सारा निर्णय वजनकाट्यावर गेला असता. साडेसात किलोंची उडी का घेतली गेली, संघाच्या बाकावरील हिशेब चुकला का, यावर नंतर बरीच चर्चा झाली आणि मल्लेश्वरींनीही ती खंत उघडपणे बोलून दाखवली आहे. माझे मत असे की कांस्य हाताशी असताना सरळ सुवर्णाचे वजन मागण्यात धाडस होते, पण पायरी सोडण्याची गरज नव्हती. अर्थात प्लॅटफॉर्ममागे हे निर्णय काही सेकंदांत घ्यावे लागतात, कागदावर आकडे मांडून पाहण्याची सवड तेथे नसते.

सिडनीनंतरची कारकीर्द तुटक राहिली. २००१ साली त्यांना मुलगा झाला. २००२ सालच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुनरागमन करण्याचा बेत होता, तोच वडिलांचे निधन झाले आणि त्यांनी माघार घेतली. २००४ साली अथेन्समध्ये पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना स्पर्धा पूर्ण करता आली नाही, आणि त्यानंतर त्या निवृत्त झाल्या. त्या ऑलिंपिकमध्ये भारतीय पथकातील दोन महिला लिफ्टर उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्या आणि या खेळावर देशात दाट मळभ आले. उत्तेजकांचा हा प्रश्न भारतीय वेटलिफ्टिंगला पुढेही वारंवार नडला. याच अथेन्समध्ये, ज्यांना सिडनीची संधी मिळाली नव्हती त्या कुंजराणी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ४८ किलो गटात १९० किलो उचलून चौथ्या आल्या. ऑलिंपिकचे दार दहा वर्षे आधी उघडले असते तर या दोघींच्या नावापुढे काय लिहिले गेले असते, हा प्रश्न मला सतावतो.

निवृत्तीनंतर मल्लेश्वरींनी यमुनानगर येथे मुलामुलींना प्रशिक्षण देण्याचे काम हाती घेतले. २०२१ साली दिल्ली क्रीडा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी टोकियोत मीराबाई चानू यांनी ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले आणि भारताला या खेळातले दुसरे ऑलिंपिक पदक एकवीस वर्षांनी लाभले. मीराबाईंची वाटचाल मल्लेश्वरींच्या शेजारी ठेवून पाहिली की काळाचा फरक नेमका कळतो. २०१६ साली रिओत, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मीराबाईंचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले. पुढच्याच वर्षी अनाहाइम येथे त्या जगज्जेत्या झाल्या, आणि आपल्या उमेदीच्या वर्षांतच दुसरे ऑलिंपिक त्यांच्यासाठी उभे होते. मल्लेश्वरींना बाविसाव्या वर्षी अपयशी ठरायलाही ऑलिंपिक उपलब्ध नव्हते. मीराबाईंनी २०२४ साली पॅरिसमध्ये तिसऱ्यांदा भाग घेतला आणि १९९ किलो उचलले. कांस्यपदक २०० किलोंना गेले.