गळ्यात पेन खुपसून जीव वाचत नाही

"घास अडकला तर गळ्यात पेनाची नळी खुपसा" हा समज वर्षानुवर्षे फिरतोय, आणि तो घातक आहे. शस्त्रक्रिया खरी आहे: कंठमण्याखालच्या पातळ पडद्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवतात. पण ब्रिटनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी १० नंबरचं स्कॅल्पेल (शस्त्रक्रियेची सुरी), बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक काडी) आणि आतून ६ मिलिमीटर व्यासाची नळी सांगितली आहे. बहुतेक बॉलपेनांची पोकळी याहून अरुंद, टोक बोथट. प्रशिक्षित पॅरामेडिकसुद्धा बाकी उपाय थकल्यावरच इकडे वळतात.

माणूस खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर खांद्यांच्या मधोमध पाठीवर ५ जोरदार थापा, मग पोटावर ५ दाब, आलटूनपालटून. दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा. (वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर कधीच दाबू नका, छातीवर दाब द्या.)