पियाचेंझाचे कांस्य यकृत

इ.स. १८७७ मध्ये उत्तर इटलीतील पियाचेंझा शहराजवळ, गोसोलेंगो येथे, शेत नांगरताना एका शेतकऱ्याला काशाची एक विचित्र वस्तू सापडली. सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची ही वस्तू म्हणजे मेंढीच्या यकृताची प्रतिकृती होती. तिच्या सपाट बाजूवर पित्ताशय आणि यकृताचे दोन लहान उंचवटे घडवलेले आहेत; उरलेल्या जागेत रेषा आखून कप्पे पाडले आहेत आणि प्रत्येक कप्प्यात एट्रुस्कन, म्हणजे रोमच्या उदयापूर्वी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या, लिपीत देवतांची नावे कोरली आहेत. आज ती पियाचेंझाच्या पालाझो फार्नेसेमधील संग्रहालयात आहे.

यज्ञात बळी दिलेल्या पशूचे यकृत पाहून देवांची इच्छा सांगणाऱ्या तज्ज्ञाला रोमन लोक हारुस्पेक्स म्हणत. ही विद्या मूळची एट्रुस्कनांची. अशुभ घटना घडली की रोमची सिनेटही हारुस्पेक्सांचा सल्ला घेई. पक्ष्यांवरून शकुन पाहणारे ऑगुर वेगळे, आणि टोकाला वळण असलेला लिटुस नावाचा दंड ही त्यांची खूण. आकाशाचे भाग ते या दंडाने आखत.

कांस्य यकृताची कडा सोळा भागांत विभागलेली आहे. एट्रुस्कन आकाशाचेही सोळाच भाग मानत, त्यामुळे हा अवयव म्हणजे आकाशाचा छोटा नकाशाच समजला जात असावा. ज्या कप्प्याशी जुळणाऱ्या जागी खऱ्या यकृतावर डाग, चीर किंवा गाठ दिसे, त्या कप्प्यातील देवतेकडे निर्देश होई. वस्तूचा नेमका उपयोग कोणी लिहून ठेवलेला नाही, पण ती शिकवण्यासाठी किंवा पडताळणीसाठी असावी, हा तर्क मला पटतो. कारण बॅबिलोनियातही याच कामासाठी मातीची यकृते होती आणि ती या वस्तूपेक्षा दीड हजारांहून अधिक वर्षांनी जुनी आहेत.

या निरीक्षणातून काढलेले भविष्य निराधार होते, तरी यकृत मात्र खरोखर काही सांगत होते. इ.स.पू. पहिल्या शतकातील वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियस लिहितो की, पूर्वज वस्तीची किंवा छावणीची जागा ठरवण्यापूर्वी तिथे चरलेली जनावरे बळी देऊन त्यांची यकृते तपासत, आणि ती एकामागून एक रोगट निघाली तर तिथले पाणी व चारा माणसालाही बाधेल असे समजून दुसरीकडे जात. मेंढ्यांच्या यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीच्या जीवनक्रमाशी हे बरेच जुळते. या कृमीची अंडी लेंड्यांतून पाण्यात जातात, अळ्या दलदलीतील गोगलगायींत वाढतात, मग गवतावर चिकटून मेंढीच्या पोटात जातात आणि अखेर पित्तनलिका जाड, यकृत खडबडीत करून टाकतात. रोगट यकृतांचा कळप म्हणजे बहुधा दलदलीची जमीन, आणि दलदलीत माणसाला हिवतापाचाही धोका असे.