उत्तरपत्रिका कुणाची तपासायची? अध्ययन-मूल्यमापनाची पार्श्वभूमी

एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी तपासली की गुण वेगळे पडतात, ही तक्रार परीक्षांइतकीच जुनी आहे. फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ मध्ये ती संख्याशास्त्राच्या भाषेत मांडली. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा एकाच पत्रिकेच्या गुणांत तीसहून अधिक गुणांची तफावत निघाली. तोवर सगळी चर्चा विद्यार्थ्याला योग्य गुण कसे द्यावेत याचीच होती. शिकवण्यातून नेमके काय साधले, हा प्रश्न त्या चर्चेत नव्हता.

तो आणला राल्फ टायलर यांनी. १९४९ च्या पुस्तकात त्यांचा आग्रह असा की आधी उद्दिष्ट ठरवावे, मग अनुभव रचावेत आणि शेवटी उद्दिष्ट साधले का ते पाहावे. त्यांचे सहकारी बेंजामिन ब्लूम यांची १९५६ ची सहा पायऱ्यांची उतरंड (ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन) बी.एड. केलेल्या प्रत्येकाला पाठ असते. तिचा मूळ हेतू मात्र फारसा सांगितला जात नाही. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या परीक्षकांना आपसांत प्रश्नांची देवाणघेवाण करता यावी, यासाठी ती सामायिक परिभाषा होती. आज तिच्यातली क्रियापदे अभ्यासक्रमाच्या तक्त्यात भरली जातात आणि प्रश्नपत्रिका पहिल्या पायरीवरच राहते. १९६७ मध्ये मायकेल स्क्रिव्हन यांनी मूल्यमापनात आकारिक आणि संकलित असा भेद केला: एक सुधारण्यासाठी, दुसरे निकालासाठी.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील राज्य सरकारे महाविद्यालयांकडे पैशांचा हिशेब मागू लागली. उच्च शिक्षणातील मूल्यमापनावरची पहिली राष्ट्रीय परिषद १९८५ मध्ये दक्षिण कॅरोलिनात भरली. इथून दोन प्रवाह सुरू झाले आणि ते अजूनही एकमेकांना खेटत आहेत: वर पाठवायचा अहवाल आणि वर्गात उपयोगी पडणारी माहिती. अहवालासाठी गोळा केलेली माहिती वर्गापर्यंत क्वचितच परत येते; निकाल हाती येईतो ती तुकडी पुढच्या वर्षात गेलेली असते.

वर्गातली साधने त्यामानाने साधी. पॅट्रिशिया क्रॉस आणि थॉमस अँजेलो यांनी ‘एका मिनिटाची चिठ्ठी’ लोकप्रिय केली. तास संपण्याआधी दोन प्रश्न द्यायचे: आज सर्वांत महत्त्वाचे काय शिकलात? काय कळले नाही? नाव लिहायचे नाही. ती फसते ती बहुतेक एकाच कारणाने. चिठ्ठ्यांत काय निघाले ते पुढच्या तासाला सांगितले जात नाही, मग तिसऱ्या खेपेला कोऱ्या चिठ्ठ्या येतात.

खरा धक्का दिला भौतिकशास्त्राने. १९९२ मध्ये हेस्टेनीस आणि सहकाऱ्यांनी ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही बलाची संकल्पना कितपत कळली ते पाहणारी बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. ट्रक आणि मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर जास्त बल लावते? आकडेमोड नाहीच. गणिते सोडवणारे विद्यार्थीही इथे चुकतात, कारण समान बलाचा नियम पाठ असला तरी ट्रकच भारी वाटतो. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. त्यांचे माप असे: प्रत्यक्ष वाढ भागिले शक्य असलेली वाढ. शिकवण्याआधीच्या चाचणीत (पूर्वचाचणी) सरासरी ४० टक्के आणि शिकवल्यानंतरच्या चाचणीत (उत्तरचाचणी) ५५ टक्के असेल, तर १५ भागिले ६०, म्हणजे ०.२५. पारंपरिक व्याख्यानांच्या १४ अभ्यासक्रमांत सरासरी ०.२३ आली, विद्यार्थ्यांना विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या ४८ अभ्यासक्रमांत ०.४८.

हे माप वापरताना काळजी हवी. मध्येच अभ्यासक्रम सोडलेले विद्यार्थी फक्त पूर्वचाचणीत राहिले, तर वाढ फुगून दिसते. म्हणून दोन्ही चाचण्या दिलेल्यांचीच तुलना करायची. गुण नसलेली उत्तरचाचणी सत्राच्या शेवटच्या दिवशी घेतली, की मुले डोळे मिटून खुणा करतात. प्रश्न आणि उत्तरे वाटून टाकली, की साधन निकामी.

असे निष्कर्ष चारचौघांत मांडण्याला संशोधन म्हणून मान मिळाला तो त्याच सुमारास. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० च्या अहवालात विद्वत्तेचे चार प्रकार सांगितले: शोध, समन्वय, उपयोजन आणि अध्यापन. ली शुलमन यांनी नंतर अट घातली: काम जाहीर हवे, समव्यावसायिकांना तपासता यावे आणि इतरांना त्यावर पुढे काम करता यावे. २००४ मध्ये अध्यापन-अध्ययनावरच्या अशा संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

अशा संशोधनाच्या लेखांतला नेहमीचा दोष म्हणजे ‘विद्यार्थ्यांना पद्धत आवडली’ हाच पुरावा. आवडणे हे शिकणे नव्हे. दुसरी अडचण संमतीची. जो गुण देणार, त्यालाच ‘माझे लेखन संशोधनात वापरू नका’ असे कोण सांगेल? म्हणून संमतिपत्रे शिक्षकाने गोळा करायची नाहीत. ती दुसऱ्या कुणीतरी घ्यायची, लिफाफ्यात बंद ठेवायची आणि निकाल लागल्यानंतरच उघडायची.