कैलास-मानसरोवर यात्रेचा सरकारी अर्ज: कोकणातून जाणाऱ्यांनी आधी काय तयार ठेवावं

कैलास-मानसरोवर यात्रेचा अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. पण त्या अर्जाला लागणारा पासपोर्ट आणि त्यात लिहायचं वजन या दोन गोष्टी अर्ध्या तासात होत नाहीत. पाच वर्षांच्या खंडानंतर 2025 साली यात्रा पुन्हा सुरू झाली. तेव्हा अर्जाची मुदत एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन 13 मे रोजी संपली आणि जूनमध्ये पहिली तुकडी निघालीसुद्धा. जाहिरात वाचून मग तयारीला लागू म्हणणाऱ्याच्या हाती वेळच उरत नाही. म्हणून आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडातल्या ज्यांना मनापासून जायचं आहे, त्यांनी आदल्या वर्षी गणपती झाले, पाऊस ओसरला की लगेच सुरुवात करावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

इथली माहिती परराष्ट्र मंत्रालयामार्फत होणाऱ्या यात्रेची आहे, नेपाळमार्गे खासगी सहलीने जाणाऱ्यांसाठी नाही. सरकारी यात्रेचे मार्ग दोन. उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीतून जाणारा मार्ग 1981 पासूनचा, तर सिक्कीममधल्या नाथू लामार्गे जाणारा 2015 पासूनचा. नाथू लाकडून बराचसा प्रवास गाडीने होतो, त्यामुळे वयस्कर माणसांना तो बरा पडतो. मात्र कैलासाची परिक्रमा दोन्हीकडून गेलात तरी तीच असते. ती साधारण 50 किलोमीटरची आहे, तीन दिवसांत पुरी होते आणि वाटेत 5,600 मीटरच्या वर असलेली डोल्मा ला खिंड ओलांडावी लागते.

कोण अर्ज करू शकतं

अर्जदार भारतीय नागरिक हवा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, ओसीआय कार्ड असलेल्या नातेवाइकांना सरकारी तुकडीत जाता येत नाही. यात्रेच्या वर्षी 1 जानेवारीला वय 18 ते 70 च्या दरम्यान असावं. पासपोर्ट भारतीय असावा आणि त्या वर्षीच्या 1 सप्टेंबरला त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 25 किंवा त्याहून कमी हवा. आणि माणूस वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त असावा.

यातल्या बीएमआयकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. हिशेब सोपा आहे: किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची 155 सेंटिमीटर असेल तर वजन 60 किलोच्या आत हवं, 165 असेल तर 68 च्या आत आणि 170 असेल तर 72 च्या आत. पन्नाशीच्या पुढच्या किती जणांचं वजन या आकड्यात बसतं, ते घरातल्या घरातच पाहा. दहा किलो उतरवायचे असतील तर महिन्याला दीड-दोन किलो हीच झेपणारी गती, म्हणजे पाच-सहा महिने लागणार. मुदत आली म्हणून उपास करून उतरवलेलं वजन डोंगरावर उपयोगाचं नाही, कारण त्यात पायातली ताकदही जाते.

पासपोर्ट

आपल्याकडे एका कुटुंबाची दोन घरं असतात, एक मुंबईतली खोली आणि एक गावचं घर. पासपोर्टच्या अर्जात सध्या जिथे खरोखर राहता तोच पत्ता द्या, कारण पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर होते. आधार मुंबईचं, वास्तव्य गुहागरला आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग तिसरंच, अशी अवस्था असेल तर आधी कागद एकसारखे करून घ्या. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव हा घोळ हमखास निघतो. पासपोर्ट जुना असेल तर मुदतीची तारीख आजच बघून ठेवा.

अर्ज कसा भरायचा

अर्ज फक्त ऑनलाइन, मंत्रालयाच्या केएमवाय डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर. आधी खातं उघडायचं, मग माहिती भरून फोटो आणि पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची स्कॅन प्रत चढवायची. नाव, जन्मतारीख, सगळं पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहायचं. नवरा-बायको किंवा दोन मित्र एकाच तुकडीत जाऊ इच्छित असतील तर एका खात्यातून दोघांचे अर्ज भरता येतात. मार्गांचा पसंतिक्रमही द्यायचा असतो. मंत्रालयाने यासाठी कोणताही दलाल किंवा संस्था नेमलेली नाही, तेव्हा ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

निवड संगणक करतो. 2025 मध्ये 5,561 अर्ज आले, त्यात 1,537 महिलांचे होते. निवड झाली 750 जणांची, त्यातही प्रत्येक तुकडीबरोबर जाणारे दोन संपर्क अधिकारी धरून. लिपुलेखमार्गे 50 जणांच्या पाच तुकड्या होत्या आणि नाथू लामार्गे दहा. साधारण सात अर्जांमागे एकाचा नंबर लागतो असं धरून चाला. नाव आलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा.

नाव आल्याचं एसएमएस आणि ईमेलने कळतं. मग ठरलेल्या तारखेच्या आत निश्चितीची रक्कम भरावी लागते: लिपुलेखसाठी कुमाऊँ मंडल विकास निगमाकडे, नाथू लासाठी सिक्कीमच्या पर्यटन विकास महामंडळाकडे. ही रक्कम परत मिळत नाही. एकूण अंदाजे खर्च 2025 साली लिपुलेखमार्गे 1 लाख 74 हजार आणि नाथू लामार्गे 2 लाख 83 हजार रुपये सांगितला होता.

दिल्लीतली तपासणी, आणि ती आधी गावात

निवड झाली म्हणजे जाणं पक्कं झालं असं नाही. दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते. हिमोग्लोबिन, साखर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), युरिया, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची क्षमता आणि ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून घेतलेली हृदयाची चाचणी. अहवाल भारत-तिबेट सीमा पोलिसांचे डॉक्टर पाहतात. वर डोंगरात लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला किंवा नाथू लाच्या बाजूला शेराथांगला ते पुन्हा तपासतात आणि तिथूनही माणूस परत पाठवला जातो. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, अपस्मार यांपैकी काही असेल तर ते लपवू नका. मैदानात गोळीवर आटोक्यात राहणारा आजार विरळ हवेत उसळतो आणि तिथून दवाखाना फार दूर असतो.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते, अर्ज करण्याच्या तीन-चार महिने आधी याच सगळ्या तपासण्या जिल्ह्याच्या ठिकाणी करून घ्या. हिमोग्लोबिन कमी निघालं तर भरून काढायला वेळ मिळतो. आपल्याकडच्या बायकांनी तर हे कराच.

समुद्रसपाटीवरून साडेपाच हजार मीटरला

आपण समुद्राच्या काठावर राहणारी माणसं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही 1,646 मीटरचं. त्यामुळे उंचीची सवय इथे करता येत नाही, ती वर गेल्यावरच होते. साडेपाच हजार मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या मानाने जेमतेम निम्मा असतो. इथे कमवायची ती पायांची ताकद आणि दम.

त्यासाठी पाखाडीसारखी, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेसारखी, दुसरी जागा नाही. वाडीतून वर सड्यावर नेणारी जांभ्याची पाखाडी सकाळी उन्हाच्या आत चढायची आणि उतरायची. उतरणंही तितकंच महत्त्वाचं, गुडघे तिथे तयार होतात. पहिला महिना रिकाम्या हाताने, मग पाठीवर तीन किलो, पुढे पाच-सहा. बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला. आठवड्यातून एकदा लांब चाल ठेवा: खेडकडच्या माणसांना रसाळगड-सुमारगड-महिपतगडाची रांग आहे, महाडकडच्यांना रायगडाच्या पायऱ्या, सावंतवाडीकडच्यांना आंबोलीचा घाट. बूट घरीच घालून मुरवून घ्या, नवे बूट थेट यात्रेला नकोत. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी आणि मीठ सांभाळून सराव करा.

तंदुरुस्त माणसालाही उंचीचा त्रास होतो, हे मनावर कोरून ठेवा. तरण्याताठ्या, रोज धावणाऱ्यालाही होतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही सुरुवात. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं तर खाली उतरणं हाच उपाय, आणि तोही ताबडतोब. लक्षण जाणवताच संपर्क अधिकाऱ्याला सांगा. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

सोबत न्यायचे कागद

मूळ पासपोर्ट, पासपोर्ट आकाराचे फोटो, नोटरी केलेला हमीपत्राचा बाँड, आणीबाणीत हेलिकॉप्टरने हलवण्याच्या खर्चाचं लेखी वचन आणि एक संमतिपत्र. बाँडसाठी 100 रुपयांचा किंवा स्थानिक नियमाप्रमाणे लागेल तो मुद्रांक सांगितलेला असतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 100 आणि 200 रुपयांच्या जागी 500 चा मुद्रांक आला आहे, तेव्हा नोटरीला विचारूनच घ्या.

संमतिपत्र असतं ते चीनच्या हद्दीत मृत्यू आल्यास तिथेच अंत्यसंस्कार करण्याबद्दलचं. ते दिल्लीला घाईत सही करण्याचा कागद नाही. घरात सगळ्यांसमोर वाचा आणि मुलांशी बोला.

दिल्लीला ठरल्या दिवशी हजर झाला नाहीत तर नाव आपोआप कमी होतं. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात, दरड आली तर अडकतात. मंगला एक्सप्रेसचं तिकीट काढाल ते दोन दिवस हातात ठेवून काढा. परतीचं तिकीट मात्र बदलता येईल असं घ्या, कारण लिपुलेखकडच्या धारचुलाच्या वाटेवरही पावसात रस्ता बंद पडतो.