झाडं किती आणि सावली किती

दोन रस्ते डोळ्यांपुढे आणा. पहिल्यावर अलीकडेच लावलेली पंचवीस झाडं आहेत, प्रत्येकाचा पसारा जेमतेम दोन मीटर. दुसऱ्यावर एकच जुनं झाड, पसारा दहा मीटर. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं शाळेतलं सूत्र लावलं तर लहान झाड ३.१४ चौरस मीटर जमीन झाकतं आणि मोठं ७८.५. म्हणजे ती पंचवीस मिळून त्या एकट्याइतकीच जमीन झाकतात. वृक्षगणनेत पहिला रस्ता पंचवीस विरुद्ध एक असा जिंकतो, वृक्षछत्राच्या, म्हणजे पानाफांद्यांनी झाकलेल्या जमिनीच्या, नकाशावर दोघांची बरोबरी होते. आता ते जुनं झाड तोडून बदल्यात दहा रोपं लावली असं समजा. गणनेच्या खात्यात नऊ झाडं वाढलेली दिसतील, छत्राच्या नकाशावर मात्र भोक पडेल.

शहरातल्या बागा, पायवाटा आणि वृक्षारोपण ठरवताना हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘इतकी झाडं लावली’ म्हणजे ‘इतकी सावली वाढली’ असं गृहीत धरलं जातं आणि कुणी हटकत नाही.

वृक्षगणना जमिनीवरून होते. माणूस झाडापाशी जातो, जात ओळखतो, छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३ ते १.४ मीटरवर बुंध्याला टेप गुंडाळून घेर घेतो, पोकळी, कीड, उखडलेला फुटपाथ यांची नोंद करतो आणि नकाशावर एक ठिपका टाकतो. न्यूयॉर्कने १९९५, २००५ आणि २०१५ अशी दर दहा वर्षांनी रस्त्याकडेच्या झाडांची गणना केली. २०१५ च्या फेरीत दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक उतरले होते. हाती आली ६,६६,१३४ झाडं, शिवाय १७,६५४ नुसते बुंधे. मला त्या बुंध्यांचं अप्रूप वाटतं. आकाशातून बुंधा दिसत नाही, आणि तिथे आधी झाड जगलेलं होतं हे सांगणारा तोच एक पुरावा असतो. पुढचं रोप कुठे लावायचं याची अर्धी यादी त्यातूनच निघते.

पण ही गणना फक्त रस्त्याकडेची. बागा, घरांची अंगणं, नदीकाठ धरून त्या शहरात एकूण ७० लाखांच्या आसपास झाडं असल्याचा अमेरिकी वनसेवेचा अंदाज आहे, आणि तो नमुना भूखंडांवरून काढलेला. याचा अर्थ इतका खटाटोप करून मोजलेली झाडं एकूण झाडांच्या दहाव्या हिश्श्याइतकीच. कुंपणाआड टेप घेऊन जाता येत नाही, हे त्याचं साधं कारण.

वृक्षछत्र वरून मोजतात. पानाफांद्यांनी किती टक्के जमीन झाकली आहे, एवढाच तिथे प्रश्न असतो, आणि झाड कुणाच्या मालकीचं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. यासाठी सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे लायडार. विमानातून लेझरचे स्पंद खाली सोडतात. काही शेंड्यावरून परततात, काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत जाऊन येतात. वरच्या पृष्ठभागाच्या उंचीतून जमिनीची उंची वजा केली की झाडाची उंची मिळते, आणि इमारती वेगळ्या काढल्या की उरतं ते छत्र. न्यूयॉर्कच्या २०१७ च्या लायडारवरून तिथलं छत्र सुमारे २२ टक्के निघालं. त्यात परसातली झाडंही आली.

लायडार परवडत नाही तिथे उपग्रहाच्या चित्रावर काम भागवतात, आणि खरी गफलत इथे होते. लाल आणि जवळच्या अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनातून एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक काढतात. तो उणे एक ते अधिक एकच्या दरम्यान असतो आणि हिरवं जितकं दाट तितका वर जातो. पण हिरवं म्हणजे झाड नव्हे. पाणी पाजलेली हिरवळ या निर्देशांकात झोकात चमकते, आणि भर दुपारी तिच्यावर उभं राहिलं तर डोकं तापतंच. त्यात चित्राचा बारकावा आडवा येतो. सेंटिनेल-२ या उपग्रहाचा बारीकातला बारीक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा. चार मीटर पसाऱ्याचं झाड त्याचा जेमतेम आठवा भाग व्यापतं, उरलेलं डांबर. लँडसॅट उपग्रहाचा पिक्सेल ३० मीटरचा, तिथे तर हे झाड हरवूनच जातं. पानगळीत टिपलेलं चित्र असेल तर भरला रस्ताही उजाड दिसतो. एक उद्यान मी स्वतः असंच ‘घनदाट’ म्हणून रंगवून बसलो होतो. प्रत्यक्षात निघालं क्रिकेटचं मैदान आणि कडेला सात झाडं.

जमिनीवरच्या नोंदीही धुतल्या तांदळासारख्या नसतात. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचं जीपीएस तीन ते पाच मीटर इकडेतिकडे जातं, उंच इमारतींमध्ये त्याहून जास्त. म्हणून ठिपके रस्त्याच्या मधोमध पडतात, एकच झाड दोनदा मोजलं जातं.

मग भरवसा कशावर ठेवायचा? सावली कुठे कमी आहे, नवी बाग किंवा पायवाट कुठून न्यावी, हे ठरवताना मी आधी छत्राचा नकाशा उघडतो. तो सगळं शहर एका मापाने मोजतो आणि काही वर्षांनी पुन्हा काढून तुलना करता येते. फक्त शहराची सरासरी पाहू नये. टोकाला एखादी जंगलाची टेकडी असली की टक्केवारी फुगते आणि मधल्या वस्त्या उन्हात राहतात. पण झाडांची निगा, छाटणी, धोका आणि जातींचा तोल यांसाठी गणनेला पर्याय नाही. मेलबर्नच्या २०१२ च्या आराखड्यात दोन्ही आहेत: सार्वजनिक जागेतलं छत्र २२ वरून २०४० पर्यंत ४० टक्क्यांवर न्यायचं, आणि कुठलीही एक जात ५ टक्क्यांहून जास्त असू द्यायची नाही. पहिलं वरून मोजता येतं. दुसऱ्यासाठी प्रत्येक झाडाचं नाव ठाऊक हवं. (तिथे प्रत्येक झाडाला ईमेल पत्ता दिला होता, मोडक्या फांदीची तक्रार कळवायला. लोकांनी झाडांना चक्क प्रेमपत्रं धाडली.)

नगरवनांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० चा नियमही असाच वेगवेगळ्या मापांवर उभा आहे. घरातून तीन झाडं दिसावीत, ही मोजणी. वस्तीत ३० टक्के छत्र असावं, हे आच्छादन. ३०० मीटरवर बाग असावी, हे अंतर. पहिल्याचा आकडा दुसऱ्यात घालून भागत नाही.

आता दोन किलोमीटरची एक पायवाट समजा. छत्राच्या नकाशावर तिचा मधला ४०० मीटरचा पट्टा उघडा पडलाय. पाहणारा लगेच म्हणेल, इथे झाडं लावा. त्यावर गणनेचा लेयर टाकला तर तिथे आधीच साठ ठिपके, सगळ्यांचा घेर पंधरा सेंटिमीटरच्या आत. तिथे रोपं नकोत, पाण्याचा टँकर आणि आळी हवीत, आणि झाडं मोठी होईपर्यंत बाकं दुसरीकडे. शेवटचा पट्टा मात्र गच्च हिरवा, छत्र ७० टक्के, कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही असा. गणना सांगते की तिथली बहुतेक झाडं एकाच जातीची, एकाच वयाची आणि निम्म्यांपुढे ‘बुंधा पोकळ’ असा शेरा. या वर्षीची रोपं त्या सावलीत, दोन झाडांमधल्या जागांत लावायची आहेत.